झोपेचं सोंग घेऊन करायची परीक्षा: स्लीप ट्रॅकर किती अचूक आहे हे घरी कसं तपासावं

त्या रात्री मला दोन वाजून दहा मिनिटांनी जाग आली आणि पावणेचारपर्यंत डोळ्याला डोळा लागला नाही. कूस बदलता येत नव्हती. माझा डावा हात शेजारी झोपलेल्या मुलाच्या डोक्याखाली होता, आणि घड्याळही त्याच हातात. पंख्याची कुरकुर ऐकत पडून राहिले. सकाळी ‘आज झोपच झाली नाही’ म्हणाले, तर नवऱ्याने माझंच ॲप उघडून समोर धरलं: ‘अगं, यात तर सात तास बारा मिनिटं लिहिलंय, मध्ये एकदाही जाग नाही.’ क्षणभर मलाच वाटलं, आपल्याला भास झाला असेल.

भास झाला नव्हता. घड्याळाला माझी जाग दिसली नव्हती, इतकंच. तेव्हापासून मी असे ट्रॅकर पद्धतशीर तपासायला शिकले. ज्यांना नुकतं कुणी घड्याळ किंवा अंगठी दिली आहे आणि तिच्यावर किती विसंबावं हे कळत नाही, त्यांच्यासाठी ती पद्धत इथे सांगते. तिला महागडं काही लागत नाही. वही, फोन आणि दोन आठवड्यांची चिकाटी पुरते.

आधी समजून घ्या: यंत्र मोजतं काय?

झोपेची शास्त्रीय व्याख्या मेंदूच्या लहरींवर उभी आहे. स्लीप लॅबमधल्या तपासणीला पॉलिसोम्नोग्राफी म्हणतात. तिच्यात डोक्यावर ईईजीचे, म्हणजे मेंदूच्या लहरी टिपणारे इलेक्ट्रोड, डोळ्यांच्या कडेला डोळ्यांची हालचाल टिपणारे आणि हनुवटीवर स्नायूंचा ताण टिपणारे इलेक्ट्रोड असतात. नंतर प्रशिक्षित माणूस रात्रीचे तीस-तीस सेकंदांचे तुकडे करून एकेका तुकड्याला नाव देतो: जाग, एन१ (सर्वांत हलकी झोप), एन२ (हलकी), एन३ (गाढ) किंवा रेम (डोळ्यांच्या जलद हालचालींची, स्वप्नांची झोप). या वाचनाचे नियम १९६८ मध्ये ठरले आणि २००७ मध्ये त्यांची नवी मांडणी झाली. गाढ झोपेचे जुने दोन टप्पे तेव्हाच एकत्र करून एन३ केले गेले.

तुमच्या मनगटाला यातलं काहीच दिसत नाही. त्याला दिसते हालचाल, आणि घड्याळाच्या पाठीवरच्या दिव्याच्या प्रकाशातून कळणारे नाडीचे ठोके. हालचालीवरून झोप ओळखण्याची पद्धत, म्हणजे ॲक्टिग्राफी, जुनी आहे. तिच्यातली आजही वापरली जाणारी दोन सूत्रं १९९२ आणि १९९४ साली प्रसिद्ध झाली. तिची खोडही तेव्हापासून ठाऊक आहे: झोपलेला माणूस ती बहुतेक वेळा बरोबर ओळखते, पण निश्चल पडलेला जागा माणूस तिला झोपलेला वाटतो. नाडीची भर पडल्यावर ट्रॅकर पुष्कळ सुधारले, तरी ही खोड मुळापासून गेलेली नाही.

म्हणून ॲपमधल्या रंगीत पट्ट्या म्हणजे मोजमाप नसून अंदाज आहे. अंदाज चांगला असू शकतो. किती चांगला, ते तपासावं लागतं.

पायरी १: प्रश्न एकच ठरवा

‘ट्रॅकर अचूक आहे का?’ हा प्रश्न फार ढोबळ आहे. एकूण झोपेचा वेळ बरोबर येतो का? झोप लागायला किती वेळ गेला, ते कळतं का? मधली जाग दिसते का? गाढ आणि रेम झोपेचे आकडे खरे आहेत का? हे चार वेगळे प्रश्न आहेत, आणि एकच यंत्र पहिल्यात पास आणि तिसऱ्यात नापास होऊ शकतं. नवख्या माणसाने तिसऱ्यापासून सुरुवात करावी असं मी आग्रहाने सांगेन. त्याचं कारण साधं आहे. झोपलेला माणूस स्वतःच्या झोपेची साक्ष देऊ शकत नाही, जागा माणूस स्वतःच्या जागेपणाची देऊ शकतो. घरात, यंत्रांशिवाय, खात्रीने हाती लागणारं सत्य हे एवढंच.

पायरी २: तयारी

घड्याळ मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, घट्ट पण न रुतणारं बांधा. सैल पट्ट्यातून बाहेरचा प्रकाश आत शिरतो आणि नाडीचं वाचन बिघडतं. सेन्सरखाली गोंदण असेल तर हात बदला. ज्या हाताने तुम्ही कामं करत नाही, तो सहसा बरा. मात्र एकदा हात ठरला की चाचणी संपेपर्यंत तोच ठेवा.

ॲपमध्ये झोपेचं वेळापत्रक भरलेलं असेल तर चाचणीपुरतं बंद करता येतं का ते पाहा. काही यंत्रं ते वेळापत्रकच आधार म्हणून घेतात, आणि मग ‘अकराला झोपलात’ हे त्यांनी ओळखलेलं नसतं, तुम्हीच सांगितलेलं असतं. ॲप आणि यंत्राच्या सॉफ्टवेअरची आवृत्ती वहीच्या पहिल्या पानावर लिहा. अपडेट आलं की अल्गोरिदम बदलू शकतो, आणि जुन्या आवृत्तीची परीक्षा नव्या आवृत्तीला लागू होत नाही.

वेळेकडेही लक्ष द्या. सगळ्या नोंदी एकाच फोनच्या घड्याळावरून करा. भिंतीवरचं घड्याळ दोन मिनिटं पुढे असेल तर एकूण झोपेच्या आकड्याला फरक पडत नाही, पण मिनिटाला मिनिट जुळवून पाहायचं असेल तर सगळी तुलना सरकते.

पायरी ३: दोन आठवड्यांची झोपेची वही

रोज सकाळी सहा गोष्टी लिहा: अंथरुणावर किती वाजता गेलात, झोपायचा प्रयत्न किती वाजता सुरू केला, झोप लागायला अंदाजे किती वेळ गेला, मध्ये किती वेळा जाग आली आणि ती सगळी मिळून किती मिनिटांची होती, शेवटची जाग किती वाजता आली, अंथरूण किती वाजता सोडलं. झोपेवर काम करणारे तज्ज्ञ जी प्रमाणित डायरी वापरतात, तिचा गाभाही हाच आहे.

एक नियम मोडू नका: आधी वही, मग ॲप. ॲपमधला आकडा एकदा डोळ्यांखालून गेला की आठवण त्याच्याकडे झुकते. मी स्वतः पहिले चार दिवस हा नियम पाळला नव्हता, आणि ते चारही दिवस मला नंतर फेकून द्यावे लागले. रात्री जाग आल्यावर मात्र घड्याळ बघत बसू नका, त्याने झोप आणखी पळते. सकाळचा अंदाज पुरे.

सात रात्री म्हणजे किमान. चौदा असतील तर सुट्टीचे दिवस, उशिरा झोपलेले दिवस असं सगळं त्यात येतं.

पायरी ४: सोंगाच्या रात्री

झोपलेल्याला जागं करता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला नाही, असं आपण म्हणतो. इथे तेच सोंग यंत्रापुढे घ्यायचं आहे. हा या परीक्षेचा गाभा आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

सोपं सोंग झोपायच्या आधीचं. अंथरुणावर आडवे व्हा, दिवा मंद ठेवा आणि अर्धा तास वाचा. पानं उलटण्याइतकीच हालचाल होऊ द्या. पुस्तक ठेवल्याची वेळ लिहून झोपा. सकाळी पाहा, ट्रॅकरने झोप कधीपासून धरली आहे. वाचनाचा वेळच झोपेत जमा झालेला असेल तर पहिली खूण मिळाली.

मधलं सोंग म्हणजे दिवा बंद, डोळे मिटलेले, कानात एखादं भाषण किंवा गोष्ट. चाळीस मिनिटं.

कठीण सोंग मध्यरात्रीचं. झोप लागल्यावर तीनेक तासांनी वाजेल असा अलार्म लावा. तो फोनवर लावा, तपासायच्या घड्याळावर नको. जाग आली की अलार्म बंद करून पुन्हा आडवे व्हा आणि चाळीस मिनिटं जागे पण निश्चल पडून राहा. अलार्म बंद करतानाची पहिली पाच मिनिटं हिशेबात धरू नका, कारण तिथली हालचाल यंत्राला आयतीच मदत करते.

आता अडचण अशी की चाळीस मिनिटं डोळे मिटून पडल्यावर मध्येच डुलकी लागू शकते, आणि हलक्या डुलकीतून उठलेला माणूस ‘मी जागाच होतो’ असं मनापासून सांगतो. एन१ या पहिल्या टप्प्यातून उठवलेल्या पुष्कळांचा अनुभव हाच असतो. त्यामुळे नुसती आठवण पुरावा म्हणून चालत नाही. मी करते ते असं: फोनचा व्हॉइस रेकॉर्डर चालू करून उशाशी ठेवते, सुरुवातीला फोनवरची वेळ मोठ्याने वाचते आणि मग साधारण दर दोन मिनिटांनी हळू आवाजात पुढचा आकडा म्हणते. एक... दोन... तीन... ओठ हलतात, हात हलत नाही. दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंग ऐकताना दोन आकड्यांमध्ये तीन मिनिटांपेक्षा मोठी फट दिसली की ती मिनिटं रद्द. एकदा ‘अकरा’नंतर माझा पुढचा आवाज थेट सव्वीस मिनिटांनी आला, आणि तोही पुन्हा ‘अकरा’च. ती रात्र वाया गेली, पण आकडे मोजणं का हवं ते कळलं.

आवाज नको असेल तर दुसऱ्या हाताने मोजणीचं बटण दाबता येतं. दुसऱ्या हाताने यावर माझा भर आहे. घड्याळाचा हात हलला की परीक्षेचा पेपर फुटला.

अशा निदान तीन रात्री करा, सलग नकोत. दुसऱ्या दिवशी लांब गाडी चालवायची असेल, काम जोखमीचं असेल, किंवा झोप मोडल्यावर फिट, मायग्रेन वा मनःस्थितीचा त्रास उसळत असेल, तर मध्यरात्रीचं सोंग वगळा. सोप्या सोंगांतूनही बरंच कळतं.

याच सुमारास एक छोटा उपप्रयोगही उरकून घ्या: एक रात्र यंत्र काढून गुंडाळलेल्या टॉवेलवर बांधून ठेवा. ‘घातलेलं नाही’ असं आलं तर ठीक. झोप नोंदली गेली तर बाकी आकड्यांकडे जास्त सावधपणे पाहा.

पायरी ५: आकडे बाहेर काढा

ॲपच्या पहिल्या पानावरचा स्कोअर विसरा. शंभरपैकी ८६ म्हणजे काय, हे प्रत्येक कंपनीचं गणित आहे आणि त्याला बाहेरचं कुठलंही माप नाही. तुम्हाला हवी आहे वेळेनुसार नोंद. बहुतेक ॲपमध्ये ‘एक्सपोर्ट’चा पर्याय असतो. तो नसेल तर आलेखावर बोट सरकवून वेळा टिपा. नोंद किती बारीक आहे तेही पाहा. पाच-पाच मिनिटांच्या तुकड्यांत रात्र दाखवणाऱ्या यंत्राकडून दोन मिनिटांच्या जागेची अपेक्षा करणं अन्यायाचं आहे.

आता सोंगाच्या रात्रींतली पक्की जागी मिनिटं मोजा आणि त्यातली किती ट्रॅकरने ‘जाग’ म्हणून दाखवली ते लिहा. तीन रात्रींत मिळून ९० पक्की मिनिटं होती आणि त्यातली ३६ त्याने पकडली, तर जाग ओळखण्याचं प्रमाण ४० टक्के. संशोधक याला स्पेसिफिसिटी म्हणतात, आणि झोप ओळखण्याच्या प्रमाणाला सेन्सिटिव्हिटी.

पायरी ६: ‘अचूकता ८८ टक्के’ या वाक्याला का भुलू नये

हा भाग सावकाश वाचा. जाहिरातीतला आकडा समजून घ्यायची किल्ली इथे आहे.

समजा, लॅबच्या यंत्रानुसार कोणी ४८० मिनिटं अंथरुणावर होतं. त्यातली ४२० मिनिटं झोप आणि ६० मिनिटं जाग. ट्रॅकरने झोपेची ३९९ मिनिटं बरोबर ओळखली, म्हणजे ९५ टक्के. जागेची २४ ओळखली, म्हणजे ४० टक्के. एकूण बरोबर मिनिटं ४२३, म्हणजे ८८ टक्के. ऐकायला झकास.

आता असं यंत्र डोळ्यांसमोर आणा ज्याच्यात सेन्सरच नाही आणि जे रात्रभर फक्त ‘झोप, झोप, झोप’ म्हणतं. त्याची ४२० मिनिटं बरोबर ठरतात, म्हणजे साडेसत्याऐंशी टक्के! सेन्सर, दिवा, अल्गोरिदम यांची कमाई जेमतेम अर्ध्या टक्क्याची दिसते. रात्रीचा बहुतांश वेळ झोपेचाच असल्यामुळे आंधळेपणाने ‘झोप’ म्हणणाराही उत्तम गुण मिळवतो. यावर उपाय म्हणून कोहेनचा कप्पा हा आकडा वापरतात. योगायोगाने जुळलेला भाग तो वजा करतो: पूर्ण जुळणीला १, निव्वळ योगायोगाला ०. आपल्या उदाहरणात ट्रॅकरचा कप्पा सुमारे ०.३९ येतो आणि बिनसेन्सरच्या यंत्राचा शून्य. दोघांतला खरा फरक इथे दिसतो.

याच उदाहरणात आणखी एक गोष्ट दडली आहे. ट्रॅकरने एकूण झोप किती सांगितली? बरोबर ओळखलेली ३९९ आणि जागेपणाची झोप समजलेली ३६, मिळून ४३५. खरी ४२०. फरक फक्त पंधरा मिनिटांचा. पण चुकलेली मिनिटं ५७ आहेत! एकीकडची चूक दुसरीकडच्या चुकीने झाकली गेली. ‘एकूण वेळ तर बरोबर येतो ना’ म्हणणाऱ्याला हे उदाहरण कागदावर करून दाखवा.

पायरी ७: वही आणि ट्रॅकर, रात्रीमागून रात्र

प्रत्येक रात्री ट्रॅकरच्या एकूण झोपेतून वहीतली झोप वजा करा. समजा सात रात्रींचे फरक मिनिटांत असे आले: ३५, २०, ४८, १०, ४२, १५, ४०. सरासरी ३०, म्हणजे ट्रॅकर रोज साधारण अर्धा तास जास्त सांगतो. हा झाला त्याचा कल.

पण नुसती सरासरी पाहून थांबू नका. फरक किती विखुरलेले आहेत तेही हवं. स्प्रेडशीटमध्ये प्रमाण विचलन काढलं तर ते सुमारे १४.८ येतं. त्याला १.९६ ने गुणून सरासरीच्या दोन्ही बाजूंना ठेवलं की १ ते ५९ मिनिटं हा पट्टा मिळतो. ब्लँड आणि ऑल्टमन या दोघांनी १९८६ मध्ये ‘द लॅन्सेट’मधल्या लेखातून ही रीत लोकप्रिय केली, आणि दोन मापनपद्धतींची तुलना आजही अशीच होते. तिचा अर्थ असा: एखाद्या रात्री ट्रॅकर जवळजवळ बरोबर असेल, एखाद्या रात्री तासभर चुकेल. चूक दर वेळी तेवढीच असती तर वजा करून काम भागलं असतं. चूकच हेलकावे खात असेल तर कालच्या आणि आजच्या आकड्यात वीस मिनिटांचा फरक दिसला म्हणून काळजी करण्यात अर्थ नाही.

इथे वहीच्या बाजूनेही एक कबुली हवी. वही म्हणजे अंतिम सत्य नव्हे. झोप लागायला लागलेला वेळ माणसं सहज चुकीचा सांगतात. म्हणून या पायरीला मी ‘जुळणी’ म्हणते, आणि ‘अचूकता’ हा शब्द चौथ्या पायरीच्या पक्क्या मिनिटांसाठी राखून ठेवते.

पायरी ८: गाढ, हलकी, रेम

टप्प्यांची तपासणी वहीने होत नाही. पुष्कळ जण आलेख पाहून समाधान मानतात: गाढ झोप रात्रीच्या पहिल्या भागात, रेम पहाटेकडे, साधारण नव्वद मिनिटांची चक्रं, सगळं पुस्तकात सांगितल्यासारखं. पण निरोगी प्रौढांच्या रात्री ढोबळमानाने अशाच असतात, आणि रात्रीचा कितवा तास चालू आहे एवढ्या माहितीवरही अल्गोरिदम असं चित्र काढू शकतो. चित्र पटण्यासारखं आहे याचा अर्थ ते तुमच्या त्या रात्रीचं आहे असा होत नाही.

दोन वेगळे ट्रॅकर एकाच रात्री घालून त्यांची तुलना करणं उपयोगी आहे, पण एका दिशेनेच. ते एकमेकांशी जुळले नाहीत तर निदान एक चुकतोय हे नक्की. जुळले तर दोघे बरोबर असतील किंवा दोघे सारखेच चुकत असतील. त्याआधी नावं जुळवून घ्या: ‘लाइट’मध्ये सहसा एन१ आणि एन२ दोन्ही येतात, ‘डीप’ म्हणजे एन३, आणि ॲपल वॉच ज्याला ‘कोअर’ म्हणतं ती इतरांची ‘लाइट’ झोप. कपाळावर बांधायचे ईईजी पट्टे मेंदूच्या लहरी खरोखर टिपतात, त्यामुळे ते सत्याच्या एक पाऊल जवळ आहेत. मात्र रात्रीत पट्टा सरकला की तेवढ्या वेळाची नोंद टाकून द्यावी लागते.

अपेक्षाही माफक ठेवा. एकाच रात्रीची ईईजी नोंद दोन प्रशिक्षित माणसांनी वाचली तरी सुमारे ८० टक्के तुकड्यांवरच त्यांचं एकमत होतं. जिथे जाणकारच पाचातल्या एका तुकड्यावर वेगळं बोलतात, तिथे मनगटावरून शंभर टक्क्यांचा दावा कुणी केला तर तो ऐकून सोडून द्यावा.

पायरी ९: स्लीप स्टडीची संधी आली तर

फक्त ट्रॅकर तपासायला कुणी लॅबमध्ये जाऊन झोपू नये. पण घोरण्यासाठी किंवा श्वास अडकण्याच्या शंकेमुळे डॉक्टरांनी स्लीप स्टडी सांगितलीच असेल, तर तंत्रज्ञांना विचारून ट्रॅकरही घाला. लॅबच्या संगणकावरची वेळ आणि तुमच्या फोनवरची वेळ यांतला फरक टिपा. दिवे बंद आणि चालू केल्याची वेळ मागा. अहवालासोबत तीस-तीस सेकंदांचा हिप्नोग्राम, म्हणजे रात्रभरातल्या झोपेच्या टप्प्यांचा आलेख, मिळेल का, तेही विचारा. नव्या जागी पहिल्या रात्री झोप बिघडते हे खरं, पण तुलनेला त्याची बाधा नाही, कारण दोन्ही यंत्रं तीच बिघडलेली रात्र पाहत असतात. उलट जाग जास्त असल्याने परीक्षा अधिक कडक होते.

हाती आलेल्या निकालाचं काय करायचं

माझ्या घड्याळाने सोप्या सोंगात बऱ्यापैकी गुण मिळवले, मध्यरात्रीच्या सोंगात फार थोडे. म्हणून आता अंथरुणावर जाण्याच्या आणि उठण्याच्या वेळा मी त्याच्याकडून घेते, महिन्यांचा कल पाहते, आणि मधल्या जागेसाठी वही ठेवते. गाढ झोपेचा रोजचा आकडा बघणं मी सोडलं आहे. तुमचं यंत्र वेगळं असेल, तुमची झोप वेगळी असेल. अनियमित ठोके असणाऱ्यांना, हृदयगतीवर परिणाम करणारी औषधं घेणाऱ्यांना आणि ज्यांची झोप मुळातच तुटक आहे त्यांना निकाल वाईट येण्याची शक्यता जास्त. दुःख याचंच आहे की निद्रानाशाच्या माणसाला ट्रॅकरची गरज सर्वांत जास्त वाटते, आणि निश्चल पडून जागं राहणं हीच त्याची रात्र असते.

आकड्यांपायीच झोप उडायला लागली तर यंत्र काही आठवडे काढून ठेवा. परिपूर्ण झोपेच्या आकड्यांचा असा ध्यास घेणाऱ्या रुग्णांबद्दल २०१७ मध्ये डॉक्टरांनी लिहिलं तेव्हा त्याला ऑर्थोसोम्निया हे नाव दिलं गेलं. आणि दिवसा पेंग येत असेल, घोरताना श्वास थांबतो असं घरच्यांनी सांगितलं असेल किंवा आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, तर ॲपने कितीही हिरवा रंग दाखवला तरी डॉक्टरांकडे जा. सोबत वही न्या. ‘यात तर सात तास लिहिलंय’ असं कुणी म्हणालं, तर सोंगाच्या रात्रींचं पान उघडून दाखवा.